डावी कात्री

शेफील्डला, नीपसेंडच्या बाजूला, नदीच्या काठी
लिनेट स्टॅनिफोर्थची खोली आहे.
एक खिडकी, एक ऐरण, एक रेडिओ.
रेडिओ बंद. कात्री ऐकावी लागते, म्हणते.

दिवसभर ती रिकाम्या कात्र्या वाजवते.
आमच्याकडे रिकामी कात्री वाजवली
की घरात भांडणं होतात, हे मी तिला सांगितलं.
होत असतील, म्हणाली,
मी एकटीच राहते.

पाती तिच्याकडे येतात मुकी,
काळपट, खरखरीत, जोडीदाराशिवाय.
ती एक उचलते, दुसरं उचलते,
डोळ्यापाशी धरून फटीतला उजेड बघते.
नाही जमत. तिसरं घेते.
पत्रिका जुळवणारेसुद्धा इतका वेळ लावत नाहीत.
मग हातोडीचे बारीक ठोके,
दर ठोक्याला पात्यात केसभर बाक.
सरळ पाती कापत नाहीत, लव्ह,
नुसती घासत बसतात एकमेकांना.
मध्ये पोकळी हवी.
मिटताना त्यांनी एका वेळी
एकाच जागी भेटायचं असतं.

मी गोधड्या शिवते.
रात्रपाळीच्या नर्सांचे झगे, मुलाचे शाळेचे शर्ट,
शेजारच्या मिस्टर ओकोरोंनी निवृत्त झाल्यावर
पिशवीत भरून आणून दिलेल्या एकोणीस टाय.
रविवारी बाजारात मांडते. दोन जातात, कधी एकही नाही.
लोक हात फिरवून विचारतात, प्रेरणा कुठून मिळते?
मी आईच्या लुगड्याचं काहीतरी सांगते.
लुगडं ऐकलं की त्यांना बरं वाटतं.
खरं कारण थंडी.
पहिल्या वर्षी आम्ही हीटर लावतच नव्हतो,
मीटरच्या भीतीनं.

लिनेटनं तसलं काही विचारलं नाही.
जुनं वर्तमानपत्र पुढं सरकवलं. काप.
परक्या माणसासमोर, म्हणून मी कात्री उजव्या हातात धरली.
ती मात्र बघत होती माझ्या डाव्या अंगठ्याकडे,
त्याच्या बुडाशी पडलेल्या घट्ट्याकडे.
दुसऱ्या हातानं, म्हणाली.

दुसऱ्या हातानं
प्रसाद घ्यायचा नाही,
कुंकू लावायचं नाही, कुणाला पैसे द्यायचे नाहीत.
लिहायचं तर नाहीच. ते पाटीलबाईंनी
लाकडी पट्टीनं पक्कं करून घेतलं.
कापड तेवढं मी दार लोटून कापत आले,
उजवी कात्री डाव्या हातात
उलटी रेटत.

तिची मोठी बहीण ईनिड.
शाळेत तिचा हात खुर्चीच्या दांड्याला बांधायचे.
लिनेट शिकाऊ असताना, मालकाची नजर चुकवून,
तिनं पहिली डावी जोडी जमवली
ती ईनिडसाठी. तोवर ईनिड उजवी झाली होती.
छान आहे म्हणाली, आणि खणात ठेवून दिली.
मेली तेव्हाही तिथंच होती, कागदात, तेल लावलेली.
तेव्हापासून वर्षाला दहा-बारा डाव्या करते,
कुणी मागो न मागो.
एवढंच बोलली.
हे प्रेरणा या शब्दात बसतं का, मला ठाऊक नाही.

सहा आठवड्यांनी गेले.
कात्री तिनं हातात दिली नाही, मेजावर ठेवली.
धारेची वस्तू हातात देत नाहीत,
ते इथंही.
मी चिंधीवर खडूनं रेघ ओढली, कापायला लागले
आणि थांबले.

रेघ दिसत होती.

उजव्या कात्रीचं वरचं पातं
डाव्या हाताला रेघ झाकून टाकतं.
चाळीस वर्षं मी अंदाजानं कापत होते
आणि समजत होते,
आपला हातच वाकडा.

लिनेट पाठमोरी होऊन फडकं शोधत राहिली,
बराच वेळ, फडकं खांद्यावर असताना.
मग मी पाकीट काढलं, नोटा पुढं केल्या,
डाव्या हातानं.
तिनं मोजून घेतल्या.
दहा पाउंड कमी निघाले.