ऊब मोजणारी गाडी

गोठलेल्या तळ्यावरच रस्ता आखलाय.
दुपारी अडीचला तिन्हीसांज.
लॅपलँडात जानेवारीचा दिवस म्हणजे
दार किलकिलं करून
कुणीतरी पुन्हा लावून घ्यावं, तेवढाच.

गाडीवर काळ्या-पांढऱ्या नक्षीची झूल,
नावगाव झाकलेलं.
एकेका दिव्यात चौऱ्याऐंशी कण
(लक्ष नव्हेत, नुसते चौऱ्याऐंशी)
आणि वीब्के त्यांना शिकवते
कुठे पडायचं नाही ते.
समोरून ट्रक आला की उजेडाला
बरोबर तेवढंच भोक पडतं,
ट्रकवाल्याच्या डोळ्यांपुरतं,
बाकी बर्फ जसंच्या तसं लख्ख.
"उजेड काय, कुणीही पाडतं," ती म्हणते,
"अंधार बेतता आला पाहिजे."

काचेखाली छोटा पडदा. त्यात जग करडं,
आणि ज्याला ऊब, ते पिवळं.
कोल्हा पिवळा.
शेडमागे आडोशाला उभा आमचा मेकॅनिकही
पिवळा, सरळ, लाजिरवाणा.

योव्ना भेटला त्याच रात्री,
स्नोमोबाइलवर, मिशीत बर्फ,
कळपातून फुटलेले रेनडिअर हुडकत.
आम्ही त्याला पडदा दाखवला, जरा ऐटीत.
त्याने बराच वेळ पाहिलं.
"कान दिसतात का?"
त्यांच्यात कानाच्या कातरीवरून घर कळतं,
जनावर कुणाचं, कुणाकडून आलेलं.
कान दिसत नव्हते.
प्रत्येक जिवाभोवती चौकट दिसत होती.

परतताना वळणाच्या खांबापाशी
पडद्यावर एक पिवळं, आडवं.
गाडी आपली आपण थांबली,
पट्टा छातीत रुतला.
मादी होती. आधीच कुणीतरी उडवून गेलेलं.

फोन केला, योव्ना आला.
गुडघ्यावर बसून त्याने दोन्ही कान कापले,
चाचपले, खिशात घातले.
भरपाईला पुरावा लागतो.
"माझी नाही," म्हणाला, "बहिणीच्या सासरची."
मग तिथेच बसून राहिला, सिगारेट न पेटवता.

उणे एकतीस. मी आत, हीटरसमोर.
पडद्यावर आधी पाय करडे झाले,
मग मान, मग कितीतरी वेळाने
पोट.
चौकट जरा थरथरली
आणि सुटली.
गाडीने ठरवलं, रस्त्यात काही नाही.
हिरवा बाण लागला.

वीब्केने पुढे जायला सांगितलं नाही.

योव्ना उठला, दोरी खांद्यावर घेतली.
पडद्यावर एक पिवळा माणूस
वाकून, पाय रोवून, सगळा जोर लावून
काहीच ओढत नव्हता.