बाटलीतली रेघ

भिरोंड्याच्या उतारावर काजूखालचं गवत
कंबरेला लागतंय, आणि डिसेंबर सरत आला.
बिया पडायच्या आत जमीन मोकळी हवी,
नाहीतर एकेक बी वेचायची वाकून, साप चुकवत.

ट्रॅक्टर खाणीच्या लिलावातला,
माझ्याहून तीन वर्षांनी थोरला.
मूळ रंग कोणता ते फक्त सीटखाली कळतं.
डोक्यावर छप्पर नाही, लोखंडी कमान नाही.
उलटला तर जमिनीच्या आणि त्याच्या मधे
आपणच.

हे कुष्टामामाने सांगितलं चहात पाव बुडवत,
साखर संपलीये सांगावं तसं.

मग फेणीची रिकामी बाटली अर्धी पाण्याने भरली,
बूच ठोकलं, स्टिअरिंगपुढे तारेने आडवी बांधली
आणि माझ्याकडे नखांचा लाल रंग मागितला.
"ही रेघ. पाणी हिला शिवलं
की तिथून पुढे ट्रॅक्टरचं रान नव्हे."
"मग कुणाचं?"
"कोयत्याचं. नाहीतर कुणाचंच नाही."

आधी काठी घेऊन सगळा उतार पायाखाली घातला.
रोयण दिसली की चिंधी. चिरा दिसला की चिंधी.
डुकरांनी उकरलेल्या खड्ड्यांपाशी
मामाचा जुना बनियन फाडून संपला.
दहापर्यंत थांबायचं, दव उडेस्तोवर.
दोन्ही ब्रेक एका कडीने जोडायचे.
आडवं जायचं नाही, केस विंचरावेत तसं वरून खाली.
पुन्हा वर जाताना पाठमोरं,
मान दुखली तर दुखू दे.
गिअर वरच ठरवायचा,
मधे क्लचला पाय लावायचा नाही.

तिसऱ्या दिवशी लावला.
पाय स्वतःहून गेला, गाडीची सवय.
इंजिनाचा आवाज एकदम हलका झाला
आणि मागून कुणी ढकलावं तसा
तो अख्खा लोखंडी जीव सुटला.
"सोड!" इतकंच ऐकू आलं.
सोडला. गचका बसला, दात आपटले,
बुंधा बॉनेटपासून हातभर लांब उभा.
बाटलीतलं पाणी अजून हेलकावत होतं.

मामा खाली आला,
जिथून सुटला तिथून पावलं मोजत.
"अकरा," म्हणाला,
आणि विडी उलट्या टोकाने पेटवली.
मी काही बोलले नाही. त्यानेही नाही.
मग क्लचच्या पायापुरती चप्पल काढायला लावली,
म्हणजे लोखंड लागलं की आठवेल.

आज काम संपलं.
वरची पट्टी तशीच आहे,
सात झाडं, रेघेपलीकडची.
खालून बघितलं तर डोंगराने
न्हाव्याला अर्ध्यात उठवून लावल्यासारखं दिसतं.
शेजारचा फटगो हसून गेला: "भ्यालीस गो?"
होय, म्हटलं.

मार्चमध्ये त्या झाडांचे बोंडू पिकतील,
आपल्या वजनाने सुटतील
आणि घरंगळत खाली येतील,
मी कापून ठेवलेल्या गवतात.
त्यांना ब्रेक नाहीत.
मी खाली टोपली घेऊन उभी असेन,
एका बाजूला सरकून.