राईएवढा कान

तळाशीलच्या वाळूच्या पट्टीवर
एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या,
मधे शाळेची एक खोली. तिच्यात आम्ही यंत्र मांडलंय.
फळ्यावरचं कालचं शुद्धलेखन अजून पुसलेलं नाही.

रत्नप्रभा खोबरेकर बाकावर पाय टाकून बसल्यात.
साखर बारा वर्षांची, जखम चार महिन्यांची,
उजव्या पायाची करंगळी काळवंडलेली.
ओरोसला सांगितलंय, कापावं लागेल, किती ते बघू.
"किती ताच बघूक इलंय," त्या म्हणतात.

मी जेल लावते. "शी! ढोम्याची बुळबुळ."
दोघींना हिरवे चष्मे. दाराला चादर.
मग टिकटिक.

उजेडाचा चिमटा, एका लवत्या पापणीत
कोटीभर मावतील इतका बारीक,
कातडीतून आत जातो.
रक्त तो पितं, कळेल न कळेल इतकं तापतं
आणि दचकतं.
दचकलेल्या रक्ताला आवाज असतो.
माणसाला तो ऐकू येत नाही, कुत्र्यालाही नाही.
त्यासाठी हा कान.

पहिला केला तो करवंटीएवढा होता,
बोटांच्या बेचक्यात बसेना.
मग सुपारी, मग चिंचोका,
सात वर्षं घासून घासून राई.
आत काचेचं एक कडं, त्यात उजेड फिरत राहतो
घाण्याच्या बैलासारखा;
आवाजाचा धक्का लागला की त्याचं पाऊल चुकतं.
चुकलेली पावलं आम्ही मोजतो.
बस, एवढंच.

एवढंच तर आबा करायचे.
वल्हं पाण्यात उभं धरून दांड्याला कान लावायचे.
खाली घोळ ओरडत असतो. बेडकासारखा, म्हणायचे,
पण पोटातून.
ज्या भोताने तो ओरडतो
त्या भोतालाच परदेशात सोन्याचा भाव,
म्हणजे ओरडला नसता तर
हे वाक्य त्यांनी कधी पुरं केलं नाही.
पुढे होडीला सहा सिलिंडरचं इंजिन बसलं.
दहा वर्षांत आबांचे दोन्ही कान गेले.
घोळही गेला.
आधी कोण, ते ठाऊक नाही.

पडद्यावर पाऊल उमटायला लागतं.
ओहोटीच्या खाडीत चर पडतात तशा शिरा.
(उपमा नको. अहवालात उपमा चालत नाही.)
घोटा बोलतो. टाच बोलते. अंगठा तर तावातावाने.
करंगळीत काही नाही.
मी पुन्हा जेल लावते.
काही नाही.
शेजारच्या बोटाच्या मुळाशी मात्र
एक धाग्याएवढी, अडखळत,

"काय म्हणता ता?"
"एक गेलंय, काकी. बाजूचं अजून आहे."
"आसा?"
"आवाज आहे त्याला."
त्या चष्मा कपाळावर सारतात. मी तो खाली ओढते.
"मगे माका आयकव."

असं ऐकवता येत नाही, हे सांगायला हवं होतं.
त्याऐवजी मी चार ओळी लिहिल्या,
तो आवाज हजारपट ताणला, खाली उतरवला,
लॅपटॉपच्या फुटक्या स्पीकरमधून सोडला.
तडतड. मग फुसफुस. मग पुन्हा तडतड,
तापल्या तव्यावर सुका जवळा टाकावा तशी.
"ह्यां माजा?"
"तुमचंच."

आबा माझा डबा घेऊन दारात उभे होते कधीचे.
चादर सारून आत आले,
मी लेझर बंद केला तोवर टेबलाशी पोचलेसुद्धा.
काही न विचारता त्यांनी तळवा
स्पीकरवर पालथा ठेवला, डोळे मिटले.

"घोळ न्हय," ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले,
"दुसरा कायतरी आसा."

"गप ऱ्हवा मां जरा," खोबरेकर काकी ओरडल्या,
"माका आयकाक द्या."