ओळंबा

उद्या दाबोळीहून दोहा, मग लिस्बन, मग पोर्तो.
तीन व्याख्यानं; चौथ्याचं अजून नक्की नाही.
विषय तोच : फ्रीमेसनांचं बंधुमंडळ,
बंदीची वर्षं,
पोटमाळ्यावर लपवलेले एप्रन.

कुडचड्याहून सातू मेस्त आलाय
कुंपणाची भिंत दुरुस्त करायला.
भुवयांवर चिऱ्याची तांबडी पूड.
"थंय वचून कितें सांगता, बाब?"
गवंड्यांबद्दल सांगतो, म्हटलं.
तो हसला. "आनी तिकेट कोण काडटा?"

मी गुण्या, कर्कटक, ओळंबा
टॉवेलवर मांडून दाखवले;
गेल्या खेपेला विमानतळावर
तपासनिसाने नाकाशी धरून पाहिलेले.
एकेकाचा अर्थ सांगितला :
सचोटी, संयम, सरळपणा.
सातू मान डोलवत राहिला,
परक्या भाषेतल्या प्रश्नाला मी डोलवतो तशी.

मग माझा पितळी ओळंबा उचलून
त्याने दोरीची गाठ सोडली, आपली बांधली,
आणि भिंतीला लावला.

अर्धा इंच बाहेर.

चाळीस वर्षं मी तिथेच सायकल टेकवतोय.

संध्याकाळपर्यंत त्याने तीन थर उतरवले.
ओळंबा बाहेरच राहिलाय, खिळ्याला.
बॅगेत त्याच्या जागी
मोजे कोंबलेत.
सातू सकाळी आठला येईल.
माझी टॅक्सी पहाटे तीनची.