चार भोकं मागे

ग्राफ्टनच्या वजनकाट्यावर चिठ्ठी निघाली:
पुढचा आस अकरा हजार आठशे,
मधली जोडी एकतीस नऊशे,
ट्रेलरची पस्तीस हजार एकशे ऐंशी.
"चौतीसच्या वर जायचं नाही,"
आर्विद स्टेन्सरूड म्हणाला,
जणू मला नव्हे, मागच्या बटाट्यांना सांगतोय.
लाल बटाटे. रात्रभर थंडीत गप्प बसलेले.

मी खाली उतरले, दांडी ओढली.
तीन खिट्या सुटल्या. चौथी
गंजून रुतलेली, जेवण झालं तरी
न उठणाऱ्या पाहुण्यासारखी.
आर्विदने हातोडी दिली. मदत दिली नाही.

मग ट्रेलरचे ब्रेक बांधून
ट्रॅक्टर पुढे घेतला, इंचाइंचानं.
चाकं जागच्या जागी,
आणि त्यांच्यावरून त्रेपन्न फुटांची पेटी सरकली,
झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण
कुणी हळूच ओढावं तशी.
एक भोक. दोन. तीन.
चार.
खट्ट.

पुन्हा काट्यावर: तेहतीस हजार एकशे,
तेहतीस हजार नऊशे ऐंशी.
कायद्याला वीस पौंड उरले,
म्हणजे माझे बूट आणि आर्विदच्या सूर्यफुलाच्या बिया.
मी हसले. तो म्हणाला, "लिंडक्विस्ट,
आता ही गाडी सकाळची गाडी नाही."

ऐकलं मी. ऐकलं म्हणजे
मान हलवली.

सकाळी रिकाम्या ट्रेलरने,
चाकं पुढे, पोटाखाली घेतलेली,
तिसऱ्या रस्त्याचा कोपरा मी असा घेतला होता
की आरशात पाहायचीही गरज वाटली नव्हती.
आता तोच कोपरा. तीच मी.
तेच स्टिअरिंग, त्याच जागी फिरवलेलं.

मागची चाकं पुढच्यांच्या वाटेने जात नाहीत.
ती जवळची वाट काढतात;
जितकी लांब मागे, तितका कोपरा खातात.
हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलं होतं.
उजव्या आरशात
हुल्डा ब्रेक्केबाईंची टपालपेटी दिसली,
वॉलाय माशाच्या आकाराची, तोंड उघडं,
आणि मग दिसली नाही.

आवाज फार मोठा नव्हता.
काठीवर पाय पडावा एवढाच.

ब्रेक्केबाई बाहेर आल्या, हात पुसत.
मासा गवतात, एक डोळा आभाळाकडे.
मी माफी मागू लागले, त्यांनी हात वर केला.
"माझ्या दिराने केलाय. एकोणीस वर्षं
रोज सकाळी याच्या घशात हात घालतेय."
थोडं थांबून म्हणाल्या,
"पण उभा करा. तो रविवारी येतो जेवायला."

आर्विदने मालाचा आडवा दांडा काढला,
दोघांनी मिळून खुंट ठोकला.
मासा उभा राहिला, थोडा घराकडे झुकून,
जसं काही ऐकतोय.

"चाकं पुढेच ठेवली असती तर?" मी गुडघ्यांवरून विचारलं.
"तर वळण हातात आलं असतं,
आणि शेपूट त्या खांबाला लागलं असतं.
वर काट्यावर दंड.
जागा बदलता येते, लिंडक्विस्ट. लांबी जात नाही कुठे."
बियांची टरफलं त्याने कागदी पेल्यात थुंकली.

पुढचं वळण बँकेपाशी.
मी सरळ गेले, अजून सरळ,
इतकी की बँकेच्या काचेत आमचंच नाक दिसू लागलं
आणि आतली बाई नोटा मोजायची थांबली.
मागची गाडी हॉर्न वाजवत होती. वाजवू दे.
मग वळवलं.

आरशात ती आठ चाकं
एकामागून एक येताना पाहिली, सावकाश,
कधी घाई नसलेली.
कडेच्या दगडावर कुणाकुणाच्या टायरांचे
काळे ओरखडे होते, वर्षानुवर्षांचे.
आमचं चाक त्यांच्यापासून
वीतभर अंतरावरून गेलं.

आर्विद काही बोलला नाही.
बियांची पुडी माझ्या बाजूला सरकवली,
एक भोकभर.