सहाव्या गाण्यातली जागा

सुगत जोंधळेचा नवा अल्बम आला
आणि त्यात मी नाही.
हे मला पूर्णा जंक्शनला, पार्सल ऑफिससमोर,
अफसरच्या ऑटोत कळलं.
एकोणीस वर्षं मी त्याच्या डाव्या हाताला बसलो,
प्रत्येक ललकारीखाली माझी थाप,
गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्यासारखी.
गाडी आपणच ओढतोय असं कुत्र्याला वाटतं
ते काही अगदीच खोटं नसतं.

"काका, ह्याच्यात तुमी कुठं हाव?"
अफसरनं आवाज वाढवला, पुन्हा वाढवला.
गाणं तेवढंच हळू राहिलं.

आठ गाणी. कोरस नाही, टाळी नाही.
पेटी आहे, तिचा भाता ऐकू येतो,
सूर लागायच्या आधीची ती दमेकरी धाप,
आणि मागे कुठंतरी पंखा.
पहिलं गाणं आईच्या चष्म्याच्या दोरीवर.
दुसऱ्यात तो कुणाचातरी पत्ता विसरतो.
ज्या गळ्यानं चार चौक जागेवर थांबवले
तो आता शेजारच्या खोलीत
कुणी निजलंय अशा बेतानं गातो.

मोबाईलच्या दुकानातला कैलास म्हणाला, आवाज बसला वाटतं.
डीजेच्या पोरांनी हात जोडले,
"ह्याच्यावर नाचायचं कसं मंग?"
पुण्यात क्लास लावलेला माझा पुतण्या
फोनवर म्हणाला, काका, हे जागतिक आहे.
म्हटलं, आसंल बाबा,
जगाला ढोलकीचं वावडं आसंल.
दवाखान्यातल्या हत्तीअंबीरे सिस्टर मात्र
भाजीच्या गाड्यापाशी थांबवून म्हणाल्या,
"रात्री तीनला ऐकते, वॉर्ड शांत झाल्यावर,"
आणि पुढं काहीच न बोलता
पर्समध्ये सुट्टे शोधत राहिल्या, बराच वेळ.
जयंतीच्या समितीचे अध्यक्ष तर माझ्यावरच तापले,
जणू अल्बम मी बिघडवला:
"त्याला सांगा, चौदा तारखेला जुनंच.
सुपारी जुन्याची दिलीय."

चौदाला तो जुनंच गायला.
मी बोटं फुटेस्तोवर वाजवलं, पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढली.
मग न सांगता त्यानं पेटी जवळ ओढली
आणि सहावं सुरू केलं.
माझे हात मांडीवर.
आधी मागच्या खुर्च्या वाजल्या,
मग कुल्फीवाल्याची घंटा,
मग, "ओ शाहीर, जोरात!"
तो जोरात झाला नाही.
पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठता उठता परत बसली,
गुडघ्यामुळं की गाण्यामुळं, सांगता येत नाही.

तर सहाव्या गाण्यात, तिसऱ्या कडव्यानंतर
एक जागा आहे.
सोळा मात्रा कुणीच काही करत नाही.
अल्बमात तिथं नुसता पंखा फिरतो.
मी घरी मोजल्या, दार लावून, कितीदा तरी.
ती माझी जागा आहे.
नाहीतर दम घेतला असेल त्यानं,
पन्नाशी उलटलीय आता.
त्या रात्री स्टेजवर ती जागा आली
तेव्हा तो माझ्याकडं बघत नव्हता.
मीही हात उचलला नाही.
गर्दीत कुणीतरी नेमकं तिथंच शिंकलं.

निघताना त्याला म्हणालो, पाचवं गाणं भिकार आहे.
"व्हय," म्हणाला, "मलाबी तसंच वाटायलंय."
मग पाकीट फोडून नोटा मोजल्या,
माझ्या मला दिल्या. निम्म्या, नेहमीसारख्या.

ढोलकी दोरी सैल सोडून खुंटीला आहे,
चार दिवस रागानं, पुढं सवयीनं.
अन् आमची पंचशीला ज्वारी निवडता निवडता
सहावंच गुणगुणायलीय,
दुसऱ्याचे शब्द त्याच्यात घुसडत,
चष्म्याच्या जागी भलतंच काहीतरी.
त्या सोळा मात्रांपाशी आली की थांबते,
सुपात खडा शोधते,
सापडला की पुढं जाते.