सैल

अशोक चौकापासून दवाखान्यापर्यंत नऊ गतिरोधक.
मला ते पोटातून पाठ आहेत.
तिसरा सर्वांत वाईट. रिक्षावाला तिथं कधीच ब्रेक दाबत नाही
आणि मी पदराखाली मूठ आवळते.
मूठ म्हणजे फक्त हाताची नव्हे.

अकरा वर्षं.
एक दुर्बीण, चार सोनोग्राफ्या,
फायलीवर बोद्दुल पद्मजा व्यंकटेश
आणि खाली शाईनं एक लांबलचक शब्द.
सासूबाई त्याला म्हणतात, ते एंडो का फेंडो.
आई तेलुगूत एवढंच म्हणते, ओर्चुको.
सोस, असा त्याचा अर्थ.
पण आईच्या तोंडी त्याला अर्थ नसतो, सवय असते,
हजार विड्या वळून होईस्तोवर
जागची न उठणाऱ्या बाईची.

मेहजबीन बागवान पडद्यामागे हात धुते.
टेबलावर प्लॅस्टिकची कंबर,
तिच्या तळाशी लाल रबराची पट्टी.
ह्याला मराठीत काय म्हणतात, मी विचारते.
ती पुस्तकातला शब्द सांगते, श्रोणितल,
आणि स्वतःच हसते.
झोळी म्हणू आपण.
मी मान हलवते.
झोळीत काय असतं, माझ्या काय नाही,
तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

हातमोजा चढवून ती थांबते.
एक बोट. चालेल का?
नको म्हणालात तर नको.
इतके हात झाले, इतक्या नळ्या,
पण नको हा शब्द कुणी माझ्या उशाशी
पाण्याच्या तांब्यासारखा ठेवला नव्हता.
मी म्हटलं, चालेल.
मग म्हटलं, थांबा.
ती थांबली.
पुन्हा सांगते, ती थांबली.

इथं?
इथं.
डावीकडे, घड्याळात चार वाजतात तिथं.
हे आवळलेलं आहे, कधीपासून?
टॉवेलच्या कारखान्यात आम्ही पंचवीस बाया,
संडास एक, त्याची कडी मोडलेली.
शाळेत तर तोही नव्हता.
कधीपासून म्हणजे काय सांगू.
मोबाइलवर एक बाई सांगायची,
आवळा, दहा मोजा, सोडा.
मी आवळत गेले.
सोडायचं तेवढं राहून जायचं.

नान्ना मागाच्या ताण्यावर तळवा ठेवून बघायचे.
यंत्रमागानं त्यांचे कान कधीच खाल्ले होते.
जास्त ताणलेला धागा आधी गातो, मग तुटतो, म्हणायचे.
बहिऱ्या माणसाला गाणं कसं कळायचं, कोण जाणे.
तिच्या बोटाखाली काहीतरी थरथरलं
तेव्हा मला त्यांचा तळवा आठवला,
रंगानं निळा पडलेला.

श्वास खाली सोडा, ती म्हणते.
पोटात नाही, त्याच्याही खाली.
त्याच्याही खाली
तेहेतीस वर्षं मी कधी गेलेच नव्हते.

आता रोज दुपारी, पत्रा तापलेला असताना,
गुडघ्यांखाली टॉवेलची गुंडाळी,
आमच्याच कारखान्याचा सेकंडचा माल, काठ वाकडा गेलेला.
सासूबाई दारात.
हा कसला व्यायाम, नुसती पडून?
सोडायचा, मी म्हणते.
काय सोडायचा?
मला सांगता येत नाही.
पण तिसऱ्या आठवड्यात
त्या बाहेरून दार लोटून घेतात, कुणी आलं तर म्हणतात, झोपलीय,
आणि उंबऱ्याशी शेंगा कुटायला बसतात.
उखळाच्या ठोक्यांनी माझा श्वास चुकतो.
हसू येतं. हसलं की खालीही हलतं,
हे मला ठाऊक नव्हतं.

दुखणं गेलेलं नाही.
ह्याही महिन्यात दोन दिवस भिंत धरून चालले,
एक खाडा पडला, पगार कापला.
मेहजबीन म्हणते, वेळ लागेल, कदाचित पुरतं जाणारही नाही.
खोटं बोलत नाही म्हणून मी जाते.

काल परतताना खिडकीतून ऊन मांडीवर पडलेलं,
मी नऊ मोजत होते उलटे.
सहा. पाच. चार.
मग एकदम अशोक चौक.
मी रिक्षावाल्याला विचारलं,
तो तिसरा काढून टाकला का हो रस्त्यातून?
तो आरशात बघून म्हणाला,
कुठला तिसरा, ताई?